साठ यार्डांची धाव आणि कॉलेजची जागा

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेसबॉल खेळणाऱ्या पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी वेगळीच लगबग सुरू होते. बॅटी, हेल्मेट, घडीच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी गाडीत भरून आईवडील कुठल्यातरी लांबच्या मैदानाकडे निघतात. तिथे ‘शोकेस’ असते. कॉलेजच्या संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या प्रशिक्षकांपुढे मुलांनी आपले कसब दाखवायचा हा दिवस. फी भरली की मुलाला क्रमांक मिळतो आणि पुढचे काही तास तो त्या क्रमांकानेच ओळखला जातो. आधी साठ यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर, धावायचे. सात सेकंदांच्या आत पोचला तर पेन कागदावर टेकते. मग क्षेत्ररक्षकांनी मोजके चेंडू अडवून लांबवर फेकायचे आणि फेकीचा वेग रडार गनने टिपायचा. पिचरसमोर बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरची परीक्षा निराळी असते. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून त्याने तो दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हाती पोचवेपर्यंत किती वेळ गेला, हे पाहतात. दोन सेकंदांच्या आसपास असेल तर मान डोलते. फलंदाजांना थोडे चेंडू मारायला मिळतात, पिचरना थोडे टाकायला आणि शेवटी एक सरावाचा सामना होतो. एवढा वेळ आईवडील जाळीपलीकडे बसलेले असतात. मुलाच्या प्रत्येक फेकीनंतर त्यांची नजर मैदान सोडून होमप्लेटमागे बसलेल्या माणसांकडे जाते. कुणाच्या शर्टावर कुठल्या कॉलेजचे बोधचिन्ह आहे, कुणी काही लिहून घेतले का, लिहिले ते आपल्याच मुलाबद्दल होते का, याचा अंदाज बांधण्यात त्यांचा दिवस जातो.

ही तगमग खोटी नसते आणि तिची थट्टा करण्याचे कारणही नाही. पण या दिवसाकडून बहुतेक घरे जी अपेक्षा ठेवतात, ती पुरी करण्याची त्याची घडणच नाही. शोकेसमध्ये अनोळखी मुलगा क्वचितच ‘सापडतो’. जो आधीच कुणाच्या तरी नजरेत आलेला आहे, त्याची तिथे खातरजमा होते. एवढी एक गोष्ट लक्षात न आल्यामुळे असंख्य पालक भलत्या वयात, भलत्या ठिकाणी पैसा ओततात आणि कधीकधी मुलाचा खांदा किंवा कोपरही पणाला लावतात.

ही पद्धत वाईट हेतूने जन्माला आली नाही. आयोवा हे थंड हवेचे, मक्याच्या शेतांचे राज्य. तिथल्या शाळांचे बेसबॉल वसंतात नव्हे तर उन्हाळ्यात खेळले जाते, म्हणजे देशभरातले शालेय हंगाम आटोपत आलेले असताना. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या उन्हात वर्षभर खेळणाऱ्या मुलांच्या मागे फिरणारे स्काउट आयोवाकडे फारसे वळत नसत. तिथल्या जेरी फोर्ड यांनी १९९० च्या दशकात ‘परफेक्ट गेम’ ही संस्था काढली, ती अशा दुर्लक्षित मुलांना लोकांपुढे आणण्यासाठी. खेळाडूला दहापैकी गुण देण्याची तिची पद्धत आज देशभर ओळखीची आहे. पुढे ‘प्रेप बेसबॉल रिपोर्ट’सारख्या आणखी संस्था निघाल्या. मोजमापाचे साधन तर त्याआधीच आले होते. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला पोलिसांची रडार गन बेसबॉलच्या मैदानावर आणली. त्यानंतर पिचरचा वेग ही मतभेदाची बाब राहिली नाही, तो यंत्रावर दिसणारा आकडा झाला. आडगावच्या मुलालाही शहरातल्या मुलाइतकाच नेमका आकडा मिळू शकतो, हा शोकेसचा खरा गुण आहे आणि तो मान्य करूनच पुढे बोलायला हवे.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली दुसरी पिढी आता लिटल लीगपासून, म्हणजे लहान मुलांच्या स्पर्धांपासून, बेसबॉल खेळते. त्यांच्या आईवडिलांना हा आकडा ओळखीचा वाटतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ते प्रवेशपरीक्षांच्या वातावरणात वाढलेले असतात. सीईटीत गुण मिळाले की गुणवत्ता यादीत क्रमांक लागतो, त्यानुसार कॅप फेरीत जागा मिळते. तुम्ही कुणाला आवडण्याची गरज नसते. शोकेसचा आकडा मात्र कुणावरच बंधनकारक नाही. ६.८ सेकंदांत धावणाऱ्याला जागा आणि ७.१ वाल्याला नकार, अशी कुठलीही यादी लागत नाही. समोर बसलेल्या प्रशिक्षकाला त्या वर्षी एक डावखुरा पिचर आणि एक कॅचर हवा असेल, तर उरलेल्या शंभर मुलांचे आकडे त्याच्या दृष्टीने निव्वळ माहिती असतात. शिवाय एका कॉलेजच्या प्रशिक्षकवर्गात माणसे असतात मोजकी आणि फिरायला असतो अख्खा देश. ती मैदानावर येतात ती बहुधा खिशात यादी घेऊनच. शाळेच्या किंवा क्लबच्या प्रशिक्षकाने ज्यांच्याबद्दल फोन केला, ज्यांचे व्हिडिओ आधी पाहिले, ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, त्यांची नावे त्या यादीत असतात. यादीबाहेरचा एखादा मुलगा डोळ्यांत भरतो, नाही असे नाही. पण तो भरतो तेव्हा त्याचा आकडा इतका वेगळा असतो, की तो एखाद्या साध्या सामन्यातही लपला नसता.

यात वयाचाही एक नियम आहे आणि तो माहीत नसल्यामुळे घरोघर विनाकारण मन खट्टू होते. एनसीएए ही कॉलेज खेळांचे नियमन करणारी मुख्य संघटना. तिच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, २०२३ पासून असा नियम आहे की मुलगा अकरावीत जाण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत बेसबॉलच्या प्रशिक्षकाने त्याच्याशी भरतीबाबत थेट संपर्क साधायचा नाही. त्याआधी आठवी-नववीतल्या मुलांना तोंडी शब्द देण्याचे प्रकार सर्रास होत, ते थांबावेत म्हणून हा बदल झाला. याचा अर्थ असा की चौदा वर्षांच्या मुलाला शोकेसमध्ये उतरवून आईवडील ज्या उत्तराची वाट बघतात, ते देण्याची त्या प्रशिक्षकाला मुभाच नाही. पत्र आले नाही म्हणजे मुलगा कमी पडला, असे समजून घर हिरमुसते आणि आणखी दोन शोकेसची फी भरते. हिवाळ्यातल्या काही महिन्यांत तर डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना कॉलेजबाहेर जाऊन खेळाडू पाहायलाही मनाई असते. बंदिस्त सभागृहात भरणाऱ्या हिवाळी शोकेसचे पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: त्या तारखेला तिथे येण्याची परवानगी कुणाला आहे?

पैशांची गोष्ट काढली की हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे, कॉलेजची फी एवढी प्रचंड आहे की त्यापुढे शोकेसचे काही शे डॉलर म्हणजे काहीच नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर सगळे वसूल. हा हिशेब नीट मांडून पाहिला पाहिजे. अमेरिकेत शाळेच्या संघातून बेसबॉल खेळणारी मुले पावणेपाच लाखांच्या आसपास आहेत. एनसीएएच्या तिन्ही गटांत मिळून बेसबॉल खेळाडू छत्तीस हजारांच्या वर. म्हणजे शंभरातली सात-आठ मुले कॉलेजात खेळतात आणि डिव्हिजन वनपर्यंत पोचतात ती दोनच्या आसपास. आता शिष्यवृत्ती. अनेक वर्षे डिव्हिजन वनच्या एका बेसबॉल संघाला मिळून ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या २७ खेळाडूंपर्यंत वाटता येत. भागाकार केला तर वाट्याला सरासरी ४३ टक्के येत आणि कित्येकांना पाव शिष्यवृत्तीच मिळे. डिव्हिजन टूला तर नऊच शिष्यवृत्त्या. डिव्हिजन थ्रीमध्ये आणि आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडूंचे बंधन आले. श्रीमंत कॉलेजे आता सगळ्या ३४ जणांना पैसे देऊ शकतील. पण द्यायलाच हवेत असे नाही आणि संघातल्या जागा तर कमी झाल्या. दुसऱ्या बाजूचा खर्च वाढतोच आहे. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकन कुटुंबाचा मुलाच्या मुख्य खेळावरचा सरासरी वार्षिक खर्च हजार डॉलरच्या पुढे गेला, २०१९ च्या तुलनेत ४६ टक्के जास्त. ही झाली सरासरी. फिरत्या क्लबमध्ये खेळून वर शोकेसला जाणाऱ्या मुलाचा खर्च, हॉटेल आणि पेट्रोल धरून, तिच्या कितीतरी पट होतो. तेवढेच पैसे आणि तेवढेच शनिवार-रविवार गणित-विज्ञानाच्या गुणांसाठी वापरले, तर अभ्यासावर किंवा आर्थिक गरजेवर मिळणारी मदत बेसबॉलच्या पाव शिष्यवृत्तीहून जास्त होण्याची शक्यता चांगलीच असते.

आकडा खोटे बोलत नाही, मग त्यावर विश्वास का ठेवू नये, असेही विचारले जाते. विश्वास ठेवावा, पण तो काय सांगतो तेवढ्यापुरताच. भारतीयांना याचे उदाहरण ठाऊक आहे. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून, मुख्यतः रडार गनवरच्या वेगाच्या जोरावर, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले. तोवर ते बेसबॉल खेळलेही नव्हते. त्याच वर्षी मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. दोघांच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे. रिंकू सिंह तर काही हंगाम कनिष्ठ स्तरावर नेटाने खेळला. पण मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचला नाही. गनने त्यांच्या हातातली ताकद अचूक मोजली. चेंडू कुठे टाकायचा, दोन खेळाडू बेसवर असताना डोके कसे शांत ठेवायचे, हे तिला मोजता येत नव्हते. शोकेसमध्येही हेच घडते. एकट्याने धावणे, स्थिर चेंडू जोरात मारणे, हे सगळे खेळाचे सुटे भाग आहेत. चौथ्या डावात, सलग दोन चुका झाल्यावर मुलगा कसा उभा राहतो, ते प्रशिक्षकाला पाहायचे असते. म्हणूनच तो मुलाच्या शाळेतल्या प्रशिक्षकाला फोन करतो.

शिवाय हा आकडा एका विशिष्ट दिवशीच्या शरीराचा असतो. सोळाव्या वर्षी एकाला दाढी फुटलेली असते आणि दुसऱ्याची उंची अजून वाढायची असते. लिटल लीगमध्ये वय मोजण्याची तारीख कित्येक वर्षे जुलैअखेरीची होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले आपल्या गटात सर्वांत मोठी असत. पुढे मेजर लीगमधल्या अमेरिकन खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा ऑगस्टवाले जुलैवाल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले. लहानपणी केवळ वयामुळे उजवी ठरलेली मुले पुढे निवडली गेली, त्यांना जास्त शिकवले गेले आणि फरक टिकून राहिला. उलट दिशेचे उदाहरण जेकब डिग्रॉम यांचे. फ्लोरिडातल्या स्टेटसन विद्यापीठात ते शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, म्हणून दाखल झाले. पिचर म्हणून त्यांचा विचारही तेव्हा कुणी करत नव्हते. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, त्यांना नवव्या फेरीत घेतले गेले आणि नंतर त्यांनी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा पटकावला. अशी माणसे विरळा, हे खरे. पण सोळाव्या वर्षाचा आकडा म्हणजे अंतिम निकाल मानणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता सगळ्यांत गंभीर बाब. ती पिचर मुलांची. सामन्यात पिचर सगळे चेंडू जीव तोडून टाकत नाही. त्याला पाच-सहा डाव पुरवायचे असतात, म्हणून तो वेग कमीजास्त करतो. शोकेसमध्ये त्याला एक-दोन डाव मिळतात आणि समोर डझनभर रडार गन उगारलेल्या असतात. तिथे हात राखून टाकण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने जातो, तोही बरेचदा हंगाम संपल्यावर, हात थकलेला असताना. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये खांद्याच्या किंवा कोपराच्या शस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ जणांशी केली. शस्त्रक्रिया झालेली मुले वर्षातले जास्त महिने, जास्त सामने खेळलेली, जास्त वेगाने चेंडू टाकणारी होती आणि ती जास्त शोकेसमध्येही उतरली होती. वर्षात आठ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट होता. थकल्या हाताने नेहमी टाकत राहणाऱ्यांना ३६ पट. कोपरातल्या अस्थिबंधाची जी शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर पहिल्यांदा केली आणि जी त्याच्याच नावाने ओळखली जाते, तिचे रुग्ण कोण असतात? २००७ ते २०११ या काळातल्या खासगी विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण १५ ते १९ वयाचे आढळले. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिचरांच्या दुखापतींवरील अहवालातही वेगाचा हव्यास हे मोठे कारण म्हणून पुढे आले आणि त्याची मुळे शाळकरी वयातल्या स्पर्धा-शोकेसपर्यंत जातात असे म्हटले गेले. ‘पिच स्मार्ट’ ही त्याच संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक नियमावली आहे. वर्षातले किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद आणि त्यातले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून काहीही फेकायचे नाही, असे ती सांगते. वसंतात शाळा, उन्हाळ्यात क्लब, शरद ऋतूत शोकेस आणि हिवाळ्यात वेग वाढवण्याचा क्लास अशा दिनक्रमात हे चार महिने बसवायचे कुठे?

पण वेग दाखवला नाही तर मुलाकडे बघणारच कोण, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ताशी ८५-९० मैल वेगाशिवाय वरच्या गटातला प्रशिक्षक उजव्या हाताच्या पिचरकडे लक्ष देत नाही. म्हणूनच सारा भर क्रमावर आहे. हात ताजा असताना, शरीर तयार झाल्यावर, ज्या कॉलेजांशी बोलणे सुरू आहे त्यांचे प्रशिक्षक हजर असतील अशा एका ठिकाणी आकडा नोंदवून घ्यावा. तो दर महिन्याला काढल्याने वाढत नाही.

या सगळ्याला गेल्या काही वर्षांत एक नवी अडचण जोडली गेली, ती पालकांच्या गप्पांत उशिरा पोचते. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएने कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केले. २०२१ पासून बेसबॉलपटूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागले आणि २०२४ मध्ये किती वेळा बदलायचे यावरचे बंधनही गेले. मेजर लीगच्या ड्राफ्टच्या फेऱ्या चाळीसच्या वीस झाल्या, त्यामुळे जे आधी व्यावसायिक झाले असते ते कॉलेजातच राहू लागले. प्रशिक्षकाची नोकरी जिंकण्यावर अवलंबून असते. त्याच्यापुढे एकीकडे अठरा वर्षांचा होतकरू मुलगा आणि दुसरीकडे कॉलेजचे तीन हंगाम खेळलेला एकवीस वर्षांचा तयार खेळाडू उभा असेल, तर तो कुणाला घेईल? वरच्या गटात शाळेतून थेट येणाऱ्यांच्या जागा यामुळे आटल्या. शोकेसच्या जाहिरातींत मात्र आजवर निवडल्या गेलेल्यांचे भलेमोठे आकडे असतात. फी भरलेल्यांपैकी किती जणांना काही मिळाले नाही, तो आकडा शोधून सापडत नाही. आयोजकांनी निदान कुठल्या गटातले किती प्रशिक्षक प्रत्यक्ष आले, एवढे प्रत्येक कार्यक्रमानंतर जाहीर केले पाहिजे. पैसे घेणाऱ्याकडून ही किमान अपेक्षा आहे.

मराठी घरांपुरते सांगायचे, तर त्यांच्या मुलांची खरी ताकद बहुधा डिव्हिजन थ्रीमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये कामाला येते, जिथे खेळाची शिष्यवृत्ती नाही पण अभ्यासाचे मोल आहे. जॉन्स हॉपकिन्स, एमरी, टफ्ट्स, शिकागो ही विद्यापीठे डिव्हिजन थ्रीमध्ये बेसबॉल खेळतात. अशा काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाचा शब्द मुलाच्या बाजूने विचारात घेतला जातो. मात्र गुणपत्रिका आधीच भक्कम हवी. अशा कॉलेजांच्या प्रशिक्षकांसाठी वेगळी, अभ्यासू खेळाडूंची शिबिरे भरतात आणि तिथे जाणे एखाद्या झगमगीत राष्ट्रीय शोकेसपेक्षा कितीतरी सयुक्तिक ठरते. त्याआधीची कामे जवळपास फुकट आहेत: शाळेतल्या सामन्याचा फोनवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, कॉलेजच्या संकेतस्थळावरचा खेळाडूंसाठीचा अर्ज, आणि मुलाने स्वतः लिहिलेला ईमेल. तो आईने किंवा बाबांनी लिहिला की प्रशिक्षकाला पहिल्याच ओळीत कळते आणि मुलाबद्दलचे मत तिथेच बिघडते. प्रत्येक कॉलेजच्या संघाची यादीही उघड असते. कुणाचे गाव कुठले, कोण कुठल्या जागेवर खेळतो, कोण यंदा पदवी घेऊन बाहेर पडणार, सगळे तिथे वाचता येते. एका संध्याकाळी आईवडील आणि मुलगा मिळून दहा-बारा याद्या बघू शकतात. ज्या संघात पुढच्या दोन वर्षांसाठी तीन शॉर्टस्टॉप आधीच आहेत, तिथे आपला शॉर्टस्टॉप कितीही वेगाने धावला तरी जागा नाही, हे फी भरण्याआधीच कळते.